जपानी फॉर्ममध्ये न मावणारं मराठी नाव

तोक्योत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक ऑनलाइन फॉर्म भरायला बसले. नाव, आडनाव, पत्ता, फोन, बस. बटण दाबलं, लाल ओळ आली. पुन्हा भरलं, पुन्हा तीच ओळ. फोनवर भाषांतर करून पाहिलं तर अर्थ निघाला, ‘पूर्ण रुंदीच्या काताकानात लिहा’. काताकाना ही जपानी लिपी, एवढं माहीत होतं. अक्षराला रुंदी असते आणि ती चुकू शकते, हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्यांदा भरत होते तेव्हा वेळ संपला म्हणून वेबसाइटनेच मला बाहेर काढलं.

त्यानंतर तोक्योतल्या निशीकासाई या भागात नव्याने आलेल्या बऱ्याच मराठी मंडळींच्या शेजारी बसून असे फॉर्म भरून झाले. त्यावरून माझं मत झालंय की जपानी न येणं ही इथे दुय्यम अडचण आहे. भाषांतर आता खिशात असतं. घोडं पेंड खातं ते नावापाशी. इथला फॉर्म धरून चालतो की माणसाचं नाव दोनच भागांचं असतं आणि चार-पाच चौकोनांत मावतं. आपल्या नावात मध्ये वडील किंवा नवरा असतो, जोडाक्षरं असतात, ळ असतो. मग एकाच माणसाचं नाव बँकेत एक, मोबाइल कंपनीत दुसरं आणि कार्डावर तिसरं होतं. सहा महिन्यांनी ही तीन नावं एकमेकांशी जुळवायची वेळ आली की सगळं अडकतं.

२०२४ च्या अखेरीस जपानमध्ये ३७ लाख ६८ हजारांहून अधिक परदेशी रहिवासी होते, त्यात भारतीय ५० हजारांच्या वर. तरीही फॉर्म फारसे बदललेले नाहीत. तेव्हा आपणच तयारीने जायचं.

निघण्याआधी, भारतातच

पासपोर्ट उघडा आणि आडनावाचा रकाना पाहा. काहींच्या पासपोर्टवर तो रिकामा असतो आणि पूर्ण नाव दुसऱ्या रकान्यात कोंबलेलं असतं. इथे आडनाव आणि नाव हे दोन्ही रकाने बहुतेक फॉर्मवर सक्तीचे आहेत. त्यामुळे ही दुरुस्ती निघण्याआधी झाली तर पुढची वर्षं सुखाची जातात. इथे मिळणारं प्रत्येक ओळखपत्र पासपोर्टवरच्या रोमन अक्षरांवरूनच बनतं.

दुसरं, भारतातलं बँक कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० च्या मार्चपासून नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंद अवस्थेतच मिळतात. ती सोय बँकेच्या अ‍ॅपमधून आपण स्वतः चालू करायची असते. तिसरं, भारतातला मोबाइल नंबर. त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधीच चालू करून घ्या आणि रिचार्ज संपू देऊ नका. जपानी दुकानाच्या वेबसाइटवर भारतीय कार्ड वापरलं की ओटीपी येतो तो पुण्यातल्या कपाटात ठेवलेल्या सिमवर. असं झालेली निदान चार माणसं माझ्या ओळखीची आहेत.

पहिले दोन आठवडे : क्रम मोडू नका

नारिता, हानेदा, कान्साइ अशा मोठ्या विमानतळांवर उतरतानाच रहिवासी कार्ड हातात मिळतं. त्याला इथे झाइऱ्यू कार्ड म्हणतात. घर मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत ते घेऊन वॉर्ड ऑफिसात, म्हणजे कुयाकुशोत जायचं. तिथे कार्डाच्या मागे पत्ता छापून देतात. हा पत्ता छापला जाईपर्यंत कुठल्याही वेबसाइटवर नोंदणी करायला जाऊ नका. सगळीकडे कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागतात आणि मागची बाजू कोरी असेल तर अर्ज परत येतो.

मग कोंबडी आधी की अंडं, हा प्रश्न उभा राहतो. बँक मोबाइल नंबर मागते, मोबाइल कंपनी बँक खातं किंवा जपानी क्रेडिट कार्ड मागते. यातून वाट फोनच्या बाजूने निघते. परदेशी कार्डावर किंवा दुकानात रोख पैसे भरून सिम देणाऱ्या कंपन्या आहेत. सिम घेताना एक गोष्ट तपासा, त्यावर आवाजाचे कॉल चालतात का. फक्त डेटाचं सिम स्वस्त पडतं, पण ०७०, ०८० किंवा ०९० ने सुरू होणारा खरा नंबर नसेल तर बँक तुम्हाला दारातही उभं करत नाही. दोन-तीन महिने स्वस्त सिम वापरून मग बदलू, असं ठरवणारे पुढे प्रत्येक ठिकाणी नंबर बदलत बसतात.

बँकेबद्दल एवढंच. परकीय चलनाच्या नियमांत, नव्याने आलेला माणूस पहिले सहा महिने ‘अनिवासी’ धरला जातो, आणि बऱ्याच बँका त्याच कारणाने ऑनलाइन अर्ज नाकारतात. पण जपानमधल्या कार्यालयात नोकरी करणाऱ्याला त्याच नियमांत निवासी मानतात. म्हणून पहिलं खातं वेबसाइटवरून उघडायच्या भानगडीत पडू नका. कंपनीचं पत्र घेऊन शाखेत जा, किंवा कंपनीचा पगार ज्या बँकेत जातो तिथेच उघडा. हा सल्ला ऑनलाइन मार्गदर्शकात विचित्र वाटेल, पण निम्मी ऑनलाइन कामं एकदा काउंटरवर जाऊन आलं की सोपी होतात.

नावाचा कागद

आता मुख्य काम. एक कागद घ्या आणि त्यावर तुमचं नाव चार रूपांत लिहून ठेवा. हा कागद पुढे फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा, मजकूर म्हणूनही ठेवा, म्हणजे चिकटवता येईल.

पहिलं रूप, झाइऱ्यू कार्डावर आहे तसं : मोठी रोमन अक्षरं, आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. माझंच घ्या, पाटील स्नेहल अनिल. पासपोर्टवर ‘स्नेहल अनिल’ हे दोन्ही मिळून एकच ‘नाव’ आहे, हे लक्षात घ्या. मधलं नाव असा वेगळा रकाना तिथे नाही आणि जपानी फॉर्मवरही नसतो. ‘सेइ’ म्हणजे आडनाव, त्यात पाटील. ‘मेइ’ म्हणजे नाव, त्यात स्नेहल आणि अनिल दोन्ही.

दुसरं रूप, तेच नाव पूर्ण रुंदीच्या रोमन अक्षरांत. तिसरं, पूर्ण रुंदीच्या काताकानात. चौथं, अर्ध्या रुंदीच्या काताकानात.

ही रुंदीची भानगड कुठून आली? १९६९ च्या जपानी प्रमाणात काताकाना अक्षरं इंग्रजी अक्षरांसारखीच एका बाइटमध्ये बसवली होती. पडद्यावर ती अरुंद दिसत. १९७८ साली कांजी चित्राक्षरांसाठी दोन बाइटचं प्रमाण आलं. त्यात प्रत्येक अक्षराला पूर्ण चौकोन मिळाला, आणि रोमन अक्षरं, आकडे, काताकाना यांनाही चौकोनी जुळे भाऊ मिळाले. पूर्ण चौकोनाला झेनकाकु म्हणतात, अर्ध्याला हानकाकु. तेव्हाच्या यंत्रणांवर आजच्या बऱ्याच वेबसाइट उभ्या आहेत. तुम्हाला दोन्ही एकच ‘पाटील’ दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द दिसतात.

अर्ध्या रुंदीत आणखी एक गोम आहे. ‘त’चा ‘द’ किंवा ‘ह’चा ‘प’ करणारी खूण तिथे स्वतंत्र घर घेते. त्यामुळे देशपांडे हे आडनाव पूर्ण रुंदीत ६ अक्षरांचं, तर अर्ध्या रुंदीत ९ अक्षरांचं होतं. ‘अक्षरं जास्त झाली’ असा निरोप आला आणि तुम्हाला तर जागा शिल्लक दिसतेय, तर कारण बहुधा हेच.

काताकानात नाव कसं लिहायचं यावर घरोघरी वाद होतात. पाटीलमधला ‘पा’ लांबवायचा का, ‘टी’ लांबवायचा का? शुद्ध उच्चाराच्या मागे लागाल तर दोन लांब रेघा येतात. माझा सल्ला, रेघा टाळा. स्वर लांबवायची ती आडवी रेघ, हायफन, वजाबाकीचं चिन्ह आणि लांब डॅश हे चारही पडद्यावर सारखे दिसतात आणि चारही वेगवेगळे आहेत. नाव जेवढं बिनरेघांचं तेवढे घोळ कमी. पातिरु लिहा, जोशि लिहा, गोकारे लिहा. ऐकायला बरं वाटत नाही हे खरं. स्नेहल अनिल पाटीलची इथे ‘पातिरु सुनेहारु आनिरु’ होते, आणि दवाखान्यात तशीच हाक आली की पहिल्यांदा कुणीच उठत नाही. पण एकदा ठरवलेलं रूप मोडायचं नाही. आणि बँकेने पासबुकावर किंवा कार्डावर काही वेगळं छापलं असेल, तर तुमचं मत बाजूला ठेवून बँकेचं रूप कागदावर घ्या. पैशाच्या प्रत्येक जागी तेच जुळवून पाहतात.

वडिलांचं नाव कुठे ठेवायचं आणि कुठे गाळायचं? जिथे ओळखपत्र तपासलं जातं (बँक, मोबाइल, विमा, शेअर) तिथे पूर्ण नाव, कार्डाबरहुकूम. जिथे कुणी तपासत नाही (पार्सल, हॉटेल, सिनेमाचं तिकीट) तिथे नाव आणि आडनाव पुरे. मेइच्या रकान्यात स्नेहल आणि अनिलमध्ये मोकळी जागा सोडली आणि ती नाकारली गेली, तर दोन्ही जोडून लिहा. मधे ठिपका देऊ नका, इथली माणसं परदेशी नावांत तो देतात, पण बऱ्याच वेबसाइटना तो चालत नाही.

टायपिंग

विंडोजवर जपानी भाषा जोडली की जपानी कीबोर्डावर १ च्या डावीकडची कळ जपानी आणि रोमन अशी अदलाबदल करते. जपानी चालू असताना रोमन अक्षरांत उच्चार टाइप करायचा, आणि शेवटची एंटर दाबायच्या आधी फंक्शन कळ. एफ ७ ने पूर्ण रुंदीचा काताकाना, एफ ८ ने अर्ध्या रुंदीचा, एफ ९ ने पूर्ण रुंदीची रोमन अक्षरं आणि आकडे, एफ १० ने अर्ध्या रुंदीचे. या चार कळा पाठ झाल्या की लाल ओळींचा मोठा वाटा आपोआप नाहीसा होतो. फोनवर जपानी कीबोर्ड जोडला की वरच्या सुचवण्यांत काताकाना येतो, पण अर्धी-पूर्ण रुंदी ओळखणं तिथे कठीण. म्हणून महत्त्वाचे फॉर्म लॅपटॉपवर भरा.

मराठी नावांचे खाचखळगे वेगळेच. जपानीत ‘ल’ नाही, आणि कीबोर्डावरचं ‘एल’ हे बारीक अक्षरं काढायला वापरतात. कुलकर्णी स्पेलिंगप्रमाणे टाइप केलंत तर मधेच एक चिमुकलं अक्षर येऊन बसतं आणि तुम्हाला वाटतं की संगणक बिघडला. ल, र, ळ या सगळ्यांना ‘आर’च वापरायचा, म्हणजे के-यू-आर-यू-के-ए-आर-यू-एन-आय. ‘टी-आय’ टाइप केलं तर ‘चि’ उमटतो, म्हणून पाटीलसाठी पी-ए-टी-एच-आय-आर-यू. ‘डि’ हवा असेल तर डी-एच-आय. वैद्य, वाघ, वर्तक मंडळींनी ‘व्ही’च्या मागे लागू नये. मराठी ‘व’ जपानी ‘वा’च्याच जवळचा आहे, आणि तो सगळीकडे चालतो.

जोशींना एक सावधगिरी. ‘जोशि’ टाइप केलं की संगणक आधी ‘मुलगी’ या अर्थाची चित्राक्षरं सुचवतो, आणि ‘ओ’ लांबवला तर ‘साहेब’ या अर्थाची. घाईत एंटर दाबू नका.

पत्ता आणि तारीख

पत्त्याची सुरुवात सात आकडी पिनकोडने करा आणि शेजारचं शोधायचं बटण दाबा. प्रांत, वॉर्ड आणि मोहल्ला आपोआप भरतो, तोही योग्य रुंदीत. तुम्ही फक्त शेवटचे आकडे, इमारतीचं नाव आणि खोली क्रमांक भरायचा. हे आकडे बहुतेकदा पूर्ण रुंदीत मागतात, तर पिनकोड आणि फोन अर्ध्या रुंदीत. एकाच पानावर दोन नियम. तर्क शोधायचा नाही, रकान्याखालची बारीक ओळ पाहायची. इमारतीचं नाव लांबलचक असतं, रकाना पुरला नाही तर नाव गाळा, खोली क्रमांक गाळू नका.

जन्मसाल काही सरकारी फॉर्मवर सम्राटांच्या कारकिर्दीने मागतात. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, पंचांगात शके असतंच आणि तिथे आपण ७८ वजा करतोच. इथे शोवासाठी इसवी सनातून १९२५ वजा करा, हेइसेइसाठी १९८८, रेइवासाठी २०१८. १९८५ चा जन्म म्हणजे शोवा ६०, १९९० चा हेइसेइ २. सीमेवरच्या तारखा सांभाळा. हेइसेइ ८ जानेवारी १९८९ ला सुरू झालं आणि रेइवा १ मे २०१९ ला. तुमचं सालही कागदावर लिहून टाका.

भाषांतर वापरा, पण फॉर्मवर नको

ब्राउझरमधलं पूर्ण पानाचं भाषांतर वाचायला उत्तम, भरायला घातक. पानाचे शब्द बदलताना काही फॉर्मची बटणं मुकी होतात, तर कधी यादीतल्या पर्यायांचं भाषांतर होऊन भलताच पर्याय निवडला जातो. म्हणून तेच पान दोन टॅबमध्ये उघडा. एकात भाषांतर करून वाचा, दुसऱ्यात मूळ जपानी तसंच ठेवून भरा. चित्रात छापलेला मजकूर भाषांतरात येत नाही, त्यासाठी दुसऱ्या फोनचा कॅमेरा धरा.

भाषांतर मराठीत घ्यावं की इंग्रजीत? वाक्यरचना पाहता जपानी आपल्याला जवळची, क्रियापद शेवटी, शब्दाला मागून चिकटणारे प्रत्यय. तरी यंत्राच्या नुसत्या मराठी भाषांतरावर मी विसंबत नाही. नकार क्रियापदाच्या शेपटात असतो आणि यंत्र ती शेपटी कधीकधी गिळतं. ‘देकिमासु’ म्हणजे करता येतं, ‘देकिमासेन’ म्हणजे करता येत नाही. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतरं काढा. दोन्ही जुळत नसतील तर ते वाक्य महत्त्वाचं आहे असं समजा आणि कुणाला तरी विचारा.

वॉर्ड ऑफिसांच्या बऱ्याच वेबसाइटवर ‘यासाशी निहोंगो’, म्हणजे सोपं जपानी, असा पर्याय असतो. १९९५ च्या कोबे भूकंपात परदेशी लोकांपर्यंत सूचना पोचल्या नाहीत, त्या अनुभवातून ही कल्पना पुढे आली. छोटी वाक्यं, अवघड शब्द नाहीत. यंत्राला अवघड जपानीपेक्षा या सोप्या जपानीचं भाषांतर फार बरं जमतं. हा आडमार्ग मला बऱ्याच उशिरा कळला.

थोडे शब्द मात्र ओळखीचे हवेत. रकान्याशेजारी लाल पाटी असते ती बहुधा ‘हिस्सु’, म्हणजे सक्तीचं. ‘निन्इ’ म्हणजे ऐच्छिक, आणि ऐच्छिक ते सरळ रिकामं सोडा. ‘त्सुगी’ पुढे, ‘मोदोरु’ मागे, ‘दोई’ संमती, ‘शिन्की तोरोकु’ नवी नोंदणी. मागे जायला फॉर्ममधलं मोदोरु दाबा, ब्राउझरचा बाण दाबलात तर सगळं पुसलं जाण्याची शक्यता असते.

‘काकुनिन’ म्हणजे झालं नव्हे

सगळं भरून मोठं बटण दाबलं. सगळी माहिती नीट मांडलेलं पान आलं. लाल ओळ एकही नाही. हुश्श करून लॅपटॉप बंद. आणि महिनाभराने कळतं की अर्ज गेलाच नव्हता.

जपानी फॉर्म जवळजवळ नेहमी तीन पानांचा असतो. पहिलं भरायचं, दुसरं ‘काकुनिन’, म्हणजे तपासायचं, तिसरं ‘कान्र्यो’, म्हणजे पूर्ण. दुसऱ्या पानाच्या तळाशी ‘सोशिन’, म्हणजे पाठवा, असं आणखी एक बटण असतं आणि ते दाबेपर्यंत पलीकडे काहीही पोचलेलं नसतं. शेवटच्या पानावर ‘उकेत्सुके बांगो’, अर्थात पोच क्रमांक, दिसायला हवा. त्याचा फोटो काढा. शिशुगृहाच्या अर्जाची मुदत याच कारणाने हुकलेलं एक कुटुंब मला माहीत आहे. दोघंही सॉफ्टवेअरमधले. चूक हुशारीची नव्हती, भारतात दुसरं पान आलं की काम झालेलं असतं, एवढंच.

मग पोस्टपेटी

बँक, क्रेडिट कार्ड, विमा, अशा ऑनलाइन नोंदणीचा शेवट कागदावर होतो. एक नोंदणीकृत पाकीट घरी येतं, त्यात कार्ड किंवा पासवर्ड असतो. पाकिटावर बहुतेकदा ‘दुसऱ्या पत्त्यावर पाठवू नये’ अशी सूचना असते. पोस्टमनला पेटीवर ते नाव दिसलं नाही तर पाकीट परत जाऊ शकतं. म्हणून फॉर्म भरायच्या आधी पोस्टपेटीवर तुमचं नाव रोमन आणि काताकाना दोन्हींत चिकटवा. घरात दोन आडनावं असतील तर दोन्ही लावा, लग्नानंतर माहेरचंच आडनाव ठेवलेल्या बायकांची पाकिटं हमखास परत जातात.

तुम्ही घरी नसाल तर चिठ्ठी पडते. पोस्ट ७ दिवस पाकीट ठेवतं. चिठ्ठीवरच्या क्यूआर कोडने पुन्हा बोलावायची वेळ ठरवता येते. पण ‘तुम्ही घरी नव्हता’ असा एसएमएस दुव्यासकट आला तर दुवा उघडू नका. जपान पोस्ट आणि सागावा ही कुरिअर कंपनी असा निरोप एसएमएसने पाठवत नाहीत, असं त्या स्वतःच सांगतात. नवखा परदेशी माणूस या जाळ्यात लवकर सापडतो, कारण त्याला सगळेच निरोप सारखेच अगम्य असतात.

पैसे भरताना

भारतीय कार्ड नाकारलं गेलं तर तीनदा प्रयत्न करून ते बंद पाडून घेऊ नका. ‘कोंबिनी’चा, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात पैसे भरायचा, पर्याय निवडा. एक क्रमांक मिळतो, तो घेऊन लॉसन किंवा फॅमिलीमार्टसारख्या दुकानात जायचं, रोख भरायचे, पावती घ्यायची. दारात पैसे द्यायचे असतील तर ‘दाइबिकी’, थोडं जास्त शुल्क पडतं. क्रेडिट कार्डाचा अर्ज पहिल्या वर्षी नाकारला गेला तर मनाला लावून घेऊ नका. डेबिट कार्डावर बरंच भागतं.

अ‍ॅपचा देश

जपानी बँकेचं अ‍ॅप शोधून सापडत नाही, याचं कारण तुमचा फोन अजून मनाने भारतात आहे. गूगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो आणि त्यासाठी त्या देशातलं पैसे भरायचं साधन लागतं. अ‍ॅपलवर देश बदलण्याआधी शिल्लक शून्य करावी लागते आणि चालू वर्गण्या संपवाव्या लागतात. भारतीय बँकांची अ‍ॅप आधीच फोनमध्ये असतील तर ती चालू राहतात, पण पुढे काढून पुन्हा टाकणं कठीण जातं. म्हणून मी दुसरा मार्ग सांगते, जपानच्या पत्त्यावर वेगळं खातं उघडा आणि ते फक्त अ‍ॅप उतरवायला वापरा.

भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा फेलिका ही टेकवून पैसे भरायची जपानी चिप नसते, त्यामुळे त्यात मोबाइल सुइका, म्हणजे फोनमधलं रेल्वे-भाड्याचं कार्ड, चालत नाही. अ‍ॅप वेळोवेळी उतरवून पाहू नका, प्लास्टिकचं कार्ड घ्या. आयफोन ८ पासून पुढचे मात्र कुठल्याही देशात घेतलेले चालतात.

माय नंबर कार्ड : कटकट आहे, पण काढाच

वॉर्ड ऑफिसात नोंदणी झाली की काही आठवड्यांत माय नंबरचं, म्हणजे बारा आकडी सरकारी ओळख क्रमांकाचं, पत्र येतं. त्यावरच्या क्यूआर कोडने कार्डाचा अर्ज करता येतो. कार्डाला दोन प्रकारचे पासवर्ड लागतात. एक ४ आकडी, एक ६ ते १६ अक्षरांचा, मोठी रोमन अक्षरं आणि आकडे मिळून. चार आकडी पासवर्ड तीनदा चुकला की बंद, मोठा पाचदा चुकला की बंद.

नाव-पत्ता फोटोवरून तपासणाऱ्या अ‍ॅपांत आपलं लांब नाव अडखळतं. या कार्डाची चिप फोनने वाचली तर नाव टाइपच करावं लागत नाही, ते कार्डातूनच येतं. फोनचं कव्हर काढा, कार्ड मागे सपाट टेकवा आणि हलवू नका. शिवाय लॉसन, सेव्हन इलेव्हनमधल्या मोठ्या यंत्रावर बहुतेक वॉर्डांचा रहिवासी दाखला सकाळी ६:३० ते रात्री ११ पर्यंत निघतो, आणि यंत्राला इंग्रजी येतं. २ डिसेंबर २०२४ पासून आरोग्य विम्याची जुनी कार्डं नव्याने देणं बंद झालं, तिथेही हेच कार्ड चालतं. मार्च २०२२ पासून व्हिसाची मुदतवाढही या कार्डाने घरबसल्या मागता येते, मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून. एप्रिल २०२५ पासून त्याचं शुल्क काउंटरवर ६,००० येन आणि ऑनलाइन ५,५०० येन झालं, अर्ज करण्याआधी ताजा आकडा पाहून घ्या.

पण एक सापळा फक्त परदेशी लोकांसाठी आहे. माय नंबर कार्डाची मुदत तुमच्या व्हिसाच्या मुदतीबरोबर संपते. व्हिसा वाढला तरी हे कार्ड आपोआप वाढत नाही. नवं झाइऱ्यू कार्ड मिळालं की जुन्या माय नंबर कार्डाची मुदत संपण्याआधी वॉर्ड ऑफिसात जाऊन ती वाढवून घ्यायची. व्हिसाचा निर्णय वेळेत आला नाही तर अर्ज प्रलंबित असल्याचं दाखवून दोन महिन्यांची तात्पुरती वाढ मिळते, तीही जाऊनच. चुकलात तर कार्ड रद्द होतं, नवं काढायला पैसे पडतात आणि महिनाभर थांबावं लागतं. फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन वेगळ्या आठवणी लावा.

सगळं करून अडलंच तर

फोन करा. चॅटमधल्या यंत्राला नावाची अडचण समजत नाही, माणसाला समजते. सकाळी उघडल्या उघडल्या केलात तर लवकर लागतो. ही वाक्यं वाचून दाखवली तरी काम होतं. ‘एइगो नो हानासेरु काता वा इराश्शाइमासु का?’ इंग्रजी बोलणारं कुणी आहे का? नसेल तर, ‘झाइऱ्यू कादो नो तोरि नि कायते मो, तोरोकु देकिमासेन.’ कार्डाप्रमाणे लिहूनही नोंदणी होत नाही. आणि मग, ‘दो कायतारा इइ देसु का?’ कसं लिहू? व्हिसा आणि राहण्यासंबंधीच्या प्रश्नांसाठी तोक्योत योत्सुयाला २०२० पासून परदेशी रहिवाशांसाठी सरकारी मदत केंद्र आहे, तिथे एकाच मजल्यावर बऱ्याच खात्यांची माणसं बसतात.

पलीकडचा माणूस उत्तर देईल ते नेमकं असतं : मधली मोकळी जागा काढा, नाव अमुक अक्षरांवर तोडा, रेघेऐवजी हे चिन्ह वापरा. ते लगेच नावाच्या कागदामागे लिहा, कुठली वेबसाइट, कुठलं रूप चाललं, कुठल्या तारखेला. माझ्या कागदाची मागची बाजू भरून आता दुसरा जोडलाय. त्यातल्या एका ओळीत मी ‘पातिरु सुनेहारुआ’ आहे. पुढची अक्षरं तिथे मावली नाहीत, पण वीजबिल त्याच नावाने वेळेवर येतं.